माल किती टाकता?

दिवाळीच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातून रात्री भरून निघालेल्या पिकअप पहाटे बाजारात रिकाम्या होतात आणि उजाडता उजाडता परतीला लागतात. येताना याच गाड्या रस्त्याला धरून, संथ डुलत आलेल्या असतात. परतताना त्यांचं मागचं अंग प्रत्येक खाचेवर उसळतं, फाळका खडखडतो, डाल्यात पडलेले रिकामे कॅरेट एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातात. ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, गाडीही तीच. बदललेलं असतं ते वजन.

पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्याच पाट्यांनी रिकामा डालाही उचलायचा आणि टनभर मालही. हिशोबासाठी समजू, की रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर 400 किलो भार आहे आणि माल भरल्यावर तो 1,400 किलो होतो. भार साडेतीन पट झाला की गाडी वर-खाली डुलण्याची नैसर्गिक गती वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. भरलेली गाडी सेकंदाला दीड वेळा डुलत असेल, तर रिकामी झाल्यावर तीच जवळजवळ तीन वेळा उसळते. सेकंदाला एक ते दीड वेळाचं डुलणं माणसाला सोसतं. चार ते आठ वेळांचे हादरे शरीराला सर्वांत जास्त बाधतात, आणि रिकामी पिकअप त्याच बाजूला सरकलेली असते. ताडोबाला किंवा पेंचला मारुतीच्या जिप्सीतून फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जिप्सीला पुढे-मागे चारही चाकांखाली पाटेच असतात.

दुसरं कारण हाऊसिंगचं. पिकअपची मागची दोन चाकं एका ताठ लोखंडी हाऊसिंगच्या दोन टोकांना असतात. क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल आणि एक्सल शाफ्ट त्या हाऊसिंगच्या पोटात. कावडीचं एक टोक उचललं की दुसरं खाली जातं, तसा या दोन चाकांचा संबंध. दोन चाकांतलं अंतर 1.4 मीटर धरलं आणि डावं चाक 10 सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढलं, तर अख्खं हाऊसिंग सुमारे चार अंशांनी कलतं. उजव्या चाकाने काही केलेलं नसतं, तरी तेही चार अंशांनी कलतं आणि त्याच्या टायरची एकच कड रस्त्याला टेकते. शिवाय हाऊसिंग, क्राऊन, ब्रेक ड्रम, चाकं हे सगळं वजन पाट्यांच्या खालच्या बाजूला. रस्त्याचा प्रत्येक धक्का आधी हे वजन उचलतो आणि मग ते धाडकन खाली येतं. गाडी रिकामी असली की वरून दाबून धरायला काही नसतं, म्हणून ते जास्त जाणवतं.

चारचाकीच्या इतिहासात यावर निघालेला उपाय म्हणजे मागची चाकं एकमेकांपासून सोडवणं. डिफरन्शियल चेसिसला पक्कं बसवायचं. तिथून दोन्ही बाजूंना सांध्यांचे शाफ्ट काढायचे. प्रत्येक चाकाला त्याची स्वतःची आर्म, स्वतःची स्प्रिंग, स्वतःचा शॉकअप. यालाच इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन म्हणतात. डावं चाक चढलं तर डावंच चढतं. डिफरन्शियलचं वजन गाडीच्या अंगावर जातं आणि चाकांसोबत उसळणारं ओझं हलकं होतं.

जुन्या पिकअपखाली हे बसवण्याची हौस अमेरिकेत फोफावली आणि त्याला कारण ठरली एक ब्रिटिश गाडी. जॅग्वारने 1961 साली ई-टाइपला मागचं इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं. त्यात अर्धा शाफ्ट हीच वरची आर्म होती, खाली एक विशबोन, दोन्ही बाजूंना मिळून स्प्रिंग चढवलेले चार शॉकअप आणि डिस्क ब्रेक चाकात नाही तर डिफरन्शियलला लागून. 1968 पासून जॅग्वारच्या एक्सजे सेडानलाही याच पद्धतीची रचना मिळाली. त्या सेडान भंगारात निघू लागल्या तेव्हा हौशी लोकांनी तो अख्खा संच उचलून पन्नाशीच्या दशकातल्या फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपखाली बसवायला सुरुवात केली. दिसायला तो संच खरोखर देखणा आहे. पण डिफरन्शियलला चिकटलेल्या ब्रेकची उष्णता तेलाच्या सीलना सोसत नाही आणि ब्रेकचं साधं काम करायलाही सगळं उघडावं लागतं, हेही त्याच लोकांनी अनुभवलं. पुढे 1984 च्या कॉर्व्हेटचा मागचा संच आला, आणखीही आले. खुद्द फोर्डने एफ-150 मालिकेत इंडिपेंडंट रिअर दिलं ते थेट 2022 च्या विजेवरच्या लाइटनिंगमध्ये. जवळजवळ शंभर वर्षं पिकअप बनवणारी कंपनी इतकी थांबली याला कारण आहे. ते कारण पाट्यांत आहे.

पाट्याच्या स्प्रिंगचं पेटंट लंडनच्या ओबाडाया इलियटने 1804 मध्ये घोडागाडीसाठी घेतलं. दोन शतकांनंतर तीच वस्तू कळमन्याच्या गेटवर उभी आहे, कारण ती एकटी अनेकांची कामं करते. वजन उचलते, हे दिसतं. हाऊसिंग पुढे-मागे सरकू देत नाही. आडवं सरकू देत नाही. गिअर टाकून क्लच सोडला की क्राऊन एका बाजूला फिरतो आणि हाऊसिंग उलट्या बाजूला पिळायला जातं. तो पीळ पाटाच सोसतो. ब्रेक लावला की उलटा पीळ, तोही पाटाच. आणि पाट्यावर पाटा घासतो त्यातून थोडं शॉकअपचंही काम होतं. एवढी कामं करणाऱ्या वस्तूला लागतं काय? एक सेंटर बोल्ट, दोन-दोन यू-बोल्ट, पुढे एक बुश, मागे शॅकल.

ही ताकद शहरातल्या पाटेवाल्यांना हातांनी कळते. पाटे बसले, गाडी मागून खाली आली म्हणून तुम्ही गेलात की ते गाडीखाली वाकण्याआधी विचारतात, ‘भाऊ, माल किती टाकता?’ उत्तरावर सगळं ठरतं. जुन्या पाट्यांना परत कमान द्यायची, एक पाटा वाढवायचा की जाड पाटा टाकायचा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरचा पाटा काढून तेवढ्याच लांबी-रुंदीचा 10 मिलिमीटरचा टाकला तर जाडी पावपट वाढते, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. हे सूत्र कोणी पाटीवर लिहून देत नाही. गरजेपेक्षा जाड पाटा टाकून घेतलेला मालक पुढचे कित्येक महिने ते गाडीत बसून शिकतो.

माझं म्हणणं असं आहे, की मागचं सस्पेन्शन कुठलंही असो, तो याच प्रश्नाचा जबाब असतो. आपल्याकडच्या जुन्या पिकअप जन्मल्या तेव्हा जबाब स्पष्ट होता. महिंद्राने 1949 पासून मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला घेतली. तिच्यावरून पुढे लोड-बॉडीच्या गाड्या आल्या, साठच्या दशकात चपट्या तोंडाची फॉरवर्ड कंट्रोल आली. टेल्कोने 1988 मध्ये पुण्याहून टाटा मोबाइल 206 आणली. तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन होतं आणि मागे पाटे. पुढे माणसं बसणार, मागे माल जाणार, असा तो सरळ हिशोब होता. तिच्यावरूनच 1991 ची सिएरा निघाली. आज यातली एखादी गाडी गॅरेजमधून सोलून, रंगवून, इंजिन बांधून बाहेर पडते तेव्हा तिच्यावर कोणी सिमेंटची पोती टाकत नाही. ती रविवारी निघते, दोन माणसं आणि एखादी बॅग घेऊन. प्रश्न तोच राहिला आणि जबाब शून्यावर आला. म्हणूनच ही हौस मला पोरकट वाटत नाही. जिचं काम बदललं, तिचं सस्पेन्शन बदलावंसं वाटणं रास्त आहे.

मग शिकायचं कुठून? त्यासाठी शहराबाहेर जायची गरज नाही.

सीताबर्डीच्या चौकात उभ्या असलेल्या ऑटोच्या मागे वाकून बघा. मागे इंजिन असलेल्या बजाज रिक्षाला मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट असतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात, ते कवच सांगाड्याला बांधलेलं. दोन्ही बाजूंना शाफ्ट, आणि प्रत्येक चाकाला मागे लोंबणारी एक ट्रेलिंग आर्म. बारामतीत बनणाऱ्या पियाजिओच्या आपेचीही रीत हीच, आणि आपेच्या तर माल वाहणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. 2009 ची टाटा नॅनो हीसुद्धा मागे इंजिन असलेली आणि मागे सेमी-ट्रेलिंग आर्म असलेली गाडी. इंजिन मागे असलं की डिफरन्शियल आपोआप सांगाड्याला बांधलं जातं आणि चाकं मोकळी करणं सोपं पडतं. फोक्सवॅगनने 1952 मध्ये काढलेली पिकअप आणि शेव्हरोलेची 1961 ची कॉर्व्हेअर पिकअप या दोन्हींत इंजिन मागेच होतं, आणि कारखान्यातूनच मागची चाकं स्वतंत्र होती. म्हणजे पिकअप आणि इंडिपेंडंट रिअर यांचं वैर नाही. अडचण आहे ती पुढे इंजिन, मधे लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे जड माल या मांडणीत.

कॉर्व्हेअरचं नाव आलं आहे तर तिच्यापासून मिळालेला धडाही सांगायला हवा. तिचं मागचं सस्पेन्शन स्विंग एक्सलचं होतं: अर्ध्या शाफ्टला आतल्या टोकालाच सांधा, बाहेर नाही. जोरात वळण घेताना गाडी वर उचलली गेली की चाक आत दुमडायचं आणि मागचा भाग रस्ता सोडायचा. राल्फ नेडरने 1965 मध्ये मोटार उद्योगावर जे पुस्तक लिहिलं त्याचं पहिलं लक्ष्य हीच गाडी होती. अमेरिकी सैन्याने जीपच्या जागी एम-151 आणली, चारही चाकं स्वतंत्र असलेली. खडबडीत जमिनीवर ती जीपपेक्षा सरस होती, पण वळणावर उलटण्यासाठी इतकी बदनाम झाली की 1970 च्या सुमारास एम-151 ए-2 मध्ये मागची रचना बदलून सेमी-ट्रेलिंग आर्म द्याव्या लागल्या. पाट्यांवरची जुनी जीप उसळते, हाल करते, पण पुढे काय करणार ते आधी सांगते. चुकीच्या भूमितीचं इंडिपेंडंट सस्पेन्शन शेवटपर्यंत गुळगुळीत चालतं आणि एका वळणावर हात सोडतं. म्हणून गॅरेजमध्ये ‘आरामदायक झाली’ एवढ्यावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

नागपूरशी याहून जवळचं नातं असलेली आणखी एक गाडी आहे. पिनाका रॉकेटच्या उत्पादनात अंबाझरीच्या आयुध निर्माणीचा वाटा आहे, आणि नागपूरच्याच इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने सुधारित पिनाका रॉकेटं बनवली आहेत. ही रॉकेटं ज्या ट्रकवरून सुटतात तो बीईएमएलचा टाट्रा. ऑस्ट्रियन अभियंता हान्स लेडविंका याने 1923 च्या टाट्रा 11 मध्ये आणलेली कल्पना त्यात अजून चालू आहे: चेसिसच्या जागी मध्यभागी एक जाड नळी, तिच्यातून शाफ्ट, आणि नळीच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे हलणारे अर्धे एक्सल. शाफ्टला सांधाच नाही. चाक वर-खाली झालं की क्राऊन त्याच्या पिनियनभोवती फिरून जागा घेतो. डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे क्राऊन-पिनियन असल्यामुळे दोन्हीकडची चाकं एका रेषेत नसतात, थोडी पुढे-मागे असतात. इतका जड ट्रक, इतका माल, आणि प्रत्येक चाक स्वतंत्र. मग पिकअपचंच काय अडतं?

अडतं ते टाट्राकडेच बघून कळतं. रिकामा टाट्रा उभा असताना त्याची चाकं खालून आत ओढलेली, वरून बाहेर झुकलेली दिसतात. माल चढला की ती सरळ होतात. रचना भरलेल्या वजनासाठी केलेली आहे आणि रिकामेपणी टायरची झीज सोसलेली आहे. आपल्याकडच्या इंडिकाचं उलट होतं. तिला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. ताठ हाऊसिंगचा मोठा गुण इथे कळतो. दोन्ही बाजूंना सारखा माल असेल तर पाटे कितीही दबोत, टायर रस्त्याला सरळच उभे राहतात.

आता हिशोब पुन्हा मांडू. रिकाम्या पिकअपला मोटारीसारखी चाल हवी म्हणून सेकंदाला 1.3 वेळा डुलेल इतकी मऊ स्प्रिंग निवडली. मागच्या 400 किलोखाली ती चाकाशी सुमारे 15 सेंटिमीटर दबून बसेल. छान. आता त्यात 1,000 किलो माल टाका. स्प्रिंगला आणखी 37 सेंटिमीटर दबावं लागेल. कुठल्याही पिकअपखाली तेवढी जागा नसते. गाडी रबरी बंपस्टॉपवर बसेल आणि मग सस्पेन्शन असून नसल्यासारखं. हा गुन्हा स्प्रिंगच्या मऊपणाचा आहे, आर्मचा नाही. मऊ पाटे टाकले तरी हेच होईल. फरक इतका, की आर्मवरची चाकं दबताना कलतातही. एअर स्प्रिंग आणि उंची आपोआप राखणारा व्हॉल्व्ह हा त्यावरचा खरा उपाय, आणि तो बसवायचा तर कॉम्प्रेसर, टाकी, पाइप हे सगळं आलं. नाहीतर माल टाकायचा नाही, हे कागदावर आणि डाल्यावर लिहून मोकळं व्हायचं.

भारतात असा संच मिळणार कुठून? माझ्या मते सर्वांत जवळचा उमेदवार पुण्यात जुळलेला आहे. मर्सिडीजने 1995 पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू-124 ही ई-क्लास जुळवायला सुरुवात केली. तिला मागे पाच दांड्यांचं मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, जे कंपनीने 1982 च्या 190 मध्ये प्रथम दिलं होतं. डिफरन्शियल, आर्म, स्प्रिंगच्या जागा हे सगळं एका सबफ्रेमवर, आणि ती सबफ्रेम बोल्टांवर उतरते. ब्रेक चाकात आहेत, जॅग्वारसारखे मधे नाहीत. इंजिन पुढे आणि ताकद मागे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही पिकअपसारखाच मधून येतो.

कागदावर सोपं दिसतं. टेप लावली की अडचणी येतात. विलिसच्या सीजे-3बी जीपमध्ये दोन चाकांतलं अंतर सुमारे 1.23 मीटर, मर्सिडीजच्या मागच्या चाकांत सुमारे 1.49. म्हणजे दोन्ही बाजूंना चाक 13-13 सेंटिमीटर बाहेर. शाफ्ट आणि आर्म आखूड करायच्या तर भूमिती बिघडते. न करायच्या तर मडगार्ड रुंद करावे लागतात. मी दुसरा मार्ग निवडेन. जीपच्या चाकाचे पाच बोल्ट 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर, मर्सिडीजचे 112 च्या, तेव्हा चारही चाकांना एकच रिम हवी असेल तर पुढचे हबही बदलावे लागतात. गिअरचं प्रमाण त्याहून गंभीर. सीजे-3बीचा क्राऊन-पिनियन 5.38 चा. मर्सिडीज सेडानचा तीन-सव्वातीनच्या आसपास. तसाच बसवला तर चाकाशी मिळणारा जोर सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. लहान टायरने थोडा परत मिळतो, पण सगळा नाही. म्हणून गिअरबॉक्स आणि इंजिनाचाही विचार सोबतच करावा लागतो. टाटा मोबाइल विलिसपेक्षा रुंद, तिच्याखाली हा संच तुलनेने बरा बसेल.

आणि मग पीळ. पाटे असताना तो हाऊसिंग आणि पाटा आपसात मिटवत होते. आता डिफरन्शियल चेसिसला टांगलेलं आहे. इंजिनाचा टॉर्क 120 न्यूटन-मीटर, पहिला गिअर चारचा, क्राऊन चारचा धरला तर एक्सलशी 1,900 न्यूटन-मीटरच्या वर पीळ येतो. डिफरन्शियल पुढे-मागे 30 सेंटिमीटर अंतरावरच्या माउंटवर टांगलेलं असेल तर प्रत्येक माउंटवर सुमारे 650 किलोचा ओढा किंवा दाब. तोही क्लच एकदम सुटला, चाक खड्ड्यात अडकलं, अशा प्रसंगांचा गुणाकार न करता. ज्या क्रॉसमेंबरने आजवर फक्त स्टेपनी धरली, त्याला हे काम सांगता येत नाही.

चेसिसला वेल्डिंग हा इथला सर्वांत मोठा मोह आहे. शिडीसारख्या चेसिसच्या उभ्या पट्ट्यांना जे वरचे-खालचे ओठ असतात, त्यांच्यावरच वाकण्याचा सगळा ताण असतो. तिथे वेल्डिंग केली किंवा छिद्र पाडलं की पुढची चीर तिथूनच सुरू होते. ट्रकच्या चेसिसचे जोड रिव्हेटचे किंवा बोल्टचे असतात, कारण त्या सांगाड्याला थोडं वळायचं असतं. जोड उभ्या बाजूला, बोल्टने, मागे पट्टी देऊन करायचा. याखेरीज मागच्या चाकांचं अलाइनमेंट हे काम पहिल्यांदाच उभं राहतं. ताठ हाऊसिंगमध्ये ते कारखान्याने कायमचं करून दिलेलं असतं. आर्म आल्या की चाक वर-खाली होताना किती वळतं हे स्प्रिंग काढून, जॅकने चाक सेंटिमीटर-सेंटिमीटर उचलून मोजावं लागतं. हे मोजमाप न करता रस्त्यावर निघणं म्हणजे मागच्या चाकांना स्वतःचं स्टिअरिंग देणं. समृद्धी महामार्गासारखा 701 किलोमीटरचा मोकळा रस्ता दारात आल्यावर तर हे जास्तच जपायला हवं. चाल गुळगुळीत झाली की वेग वाढतो, पुढचे ब्रेक मात्र जुनेच असतात.

हे काम करू शकणारी माणसं या भागात आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना. गिअर, शाफ्ट, हाऊसिंग यांची जाण असलेले हात या पट्ट्यात तयार झाले आहेत. अभियांत्रिकीची मुलं 2007 पासून पिथमपूरला भरणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी स्वतःच्या हाताने बग्गी बांधतात, तिचं मागचं सस्पेन्शन आखतात, जोडतात आणि दगडांवरून चालवून मोडेपर्यंत तपासतात. या दोन्ही प्रकारची माणसं एका गाडीखाली आली तर वरच्या सगळ्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत.

न सुटणारी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. दुसरं दार व्हिंटेज नोंदणीचं. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. तेही योग्यच. मूळ रूप जपण्यासाठीच ती सोय आहे. पण यामुळे सस्पेन्शन बदललेली जुनी पिकअप दोन्ही दारांबाहेर राहते.

कडक नियमाच्या मी विरोधात नाही. कोणीही उठून चेसिस कापावं आणि शाळेच्या रस्त्यावर आणावं, असं मला मुळीच वाटत नाही. माझा आग्रह तिसऱ्या दारासाठी आहे, आणि त्याची चौकट कायद्यातच आहे. 2019 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्येच केंद्र सरकारला गाड्यांतील बदलांसाठी मानकं आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. सीएनजी किटसाठी अशी मंजुरीची पद्धत कधीचीच रुळली आहे. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्याची परवानगी देण्याची व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियात हलक्या गाड्यांतल्या बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि अभियंत्याचं प्रमाणपत्र चालतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआय ही संस्था 1966 पासून गाड्या तपासते आहे. एकेका गाडीसाठी अभियंत्याच्या सहीचं आरेखन, काट्यावर प्रत्येक चाकाचं वजन, ब्रेकची चाचणी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नोंदणीत माल वाहण्याची क्षमता कमी करून किंवा थेट काढून टाकून लिहिणं. मालवाहू पिकअपचा नंबर सोडून खासगी गाडीचा घ्यायचा. एवढं झालं तर पाटेवाल्याच्या प्रश्नाचा जबाब सरकारी कागदावर येईल. केंद्रातल्या परिवहन खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार आहेत; ही मागणी इथून उठणं स्वाभाविक आहे.

तोपर्यंत हे काम कॉलेजच्या आवारात किंवा स्वतःच्या शेतातच चालवता येईल. तिथेही मी एक अट पाळेन: सगळं परत काढता यावं. पाट्यांचा पुढचा हँगर आणि मागचा शॅकल यांच्यातल्या जागेत एक वेगळा पाळणा बसवायचा, आणि आर्म, डिफरन्शियल, शॉकअप सगळं त्या पाळण्यावर. चेसिस आखणाऱ्याने मागचा सगळा भार त्याच चार जागी यायचा म्हणून तिथे ताकद ठेवलेली असते, तेव्हा नवा भारही तिथूनच आत नेणं शहाणपणाचं. मूळ हाऊसिंग, पाटे, शॅकल, यू-बोल्ट ग्रीस लावून, खुणा करून ठेवायचे. 1988 ची टाटा मोबाइल 2038 मध्ये पन्नास वर्षांची होईल. तिच्या मालकाला तेव्हा तिला पुन्हा पाट्यांवर उभी करून ‘व्हीए’ नंबर घ्यावासा वाटला, तर चेसिसवर ग्राइंडरची एकही खूण असता कामा नये.